वळणदार मोल्डिंग कॅडमध्ये: फर्मा, पाथ आणि कोपरा

लातूर असो की नांदेड, बंगल्याचं एलिव्हेशन करायला बसलेला नवा ड्राफ्ट्समन सरळ पट्टी सहज उभी करतो आणि कमान आली की अडतो. स्वीप, म्हणजे छेद एका वाटेवरून ओढून आकार बनवणारी कमांड, चालत नाही. चालला तर पट्टी अर्धी भिंतीत घुसते, नाहीतर कोपऱ्यावर फाटते. दोष क्वचितच कमांडचा असतो. वळणदार मोल्डिंग दोन रेघांतून जन्मतं: एक प्रोफाइल, म्हणजे पट्टीचा आडवा छेद, आणि एक पाथ, म्हणजे तो छेद ज्या वाटेने सरकतो ती वाट. पीओपीचा कारागीर पत्र्याचा फर्मा कापून ओल्या मालावर ओढतो, त्यातही हेच दोन घटक असतात. या दोन रेघा बिनचूक काढल्या की तीन चतुर्थांश काम झालं. म्हणून या लेखात कमांडपेक्षा रेघांवर जास्त वेळ जाईल.

खालची उदाहरणं ऑटोकॅडमधली आहेत. ऑटोकॅड एलटीमध्ये थ्रीडी सॉलिड, म्हणजे भरीव त्रिमितीय आकार, तयार करता येत नाहीत, हे आधी तपासा. अनेक ऑफिसांत एलटीच असतं आणि नवखा माणूस सापडत नसलेली कमांड शोधत बसतो. पूर्ण आवृत्ती नसेल तर फ्रीकॅड मोफत मिळतं आणि या कामाला पुरेसं आहे. स्केचअपचा स्वभाव वेगळा, त्याबद्दल पुढे.

कमान आधी मोजा

कमानीचा गाळा १५०० मिमी आणि मधली उंची ३०० मिमी धरू. कमान जिथून सुरू होते त्या दोन बिंदूंत दोरी ताणायची, दोरीच्या मध्यावरून वर कमानीच्या पोटापर्यंत टेप लावायचा. त्रिज्या काढण्यासाठी गाळ्याच्या वर्गाला उंचीच्या आठपटीने भागा आणि त्यात उंचीचा निम्मा मिळवा. इथे २२,५०,००० भागिले २४०० म्हणजे ९३७.५, अधिक १५०, म्हणजे त्रिज्या १०८७.५ मिमी.

एवढ्यावर थांबू नका. मध्यापासून ३७५ मिमी बाजूला, म्हणजे गाळ्याच्या पाव अंतरावर, उंची पुन्हा मोजा. कमान खरोखर एका केंद्राची असेल तर तिथे २३३ मिमी आलं पाहिजे. चार-पाच मिमीचा फरक गिलाव्याचा म्हणून सोडता येईल. २५० भरलं तर कमानीचे खांदे भरलेले आहेत, ती तीन किंवा चार केंद्रांवरून काढलेली आहे, आणि तीन बिंदूंचा आर्क (वर्तुळाचा तुकडा) तिच्यावर बसणार नाही. जुन्या वाड्यांच्या कमानींत हे सर्रास दिसतं. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा किंवा बीबी का मकबरा पाहा: तिथल्या टोकदार कमानी एका आर्कमध्ये बसवता येत नाहीत. चार केंद्रांच्या कमानीत खांद्याशी दोन लहान त्रिज्येचे आर्क आणि वर टोकाकडे जाणारे दोन मोठ्या त्रिज्येचे आर्क असतात. लहान आणि मोठा आर्क जिथे भेटतात तिथे दोघांची केंद्रं आणि तो भेटीचा बिंदू एका सरळ रेषेत हवेत. ती रेषा चुकली तर तिथे बारीक मोड राहतो; ड्रॉइंगमध्ये तो दिसत नाही, पण मोल्डिंग फिरवल्यावर उन्हाच्या सावलीत उठून दिसतो.

जुन्या पट्टीचा छेद घ्यायचा असेल तर दातेरी प्रोफाइल गेज वापरा, नाहीतर मऊ सोल्डरची तार दाबून आकार घ्या आणि कागदावर ठेवून गिरवा. वर्षानुवर्षांच्या चुन्याने कडा बोथट झालेल्या असतात. मूळ छेद त्याहून धारदार होता असं धरूनच रेघ काढावी, नाहीतर नवी पट्टी पहिल्या दिवसापासून झिजलेली दिसते.

प्रोफाइल काढताना

युनिट मिमीत ठेवा आणि काम शून्य-शून्याजवळ करा. सर्व्हेची फाइल लाखांतल्या कोऑर्डिनेट्सवर असेल तर तिच्यातच मोल्डिंग करू नका. मूळ बिंदूपासून फार दूर गेल्यावर सॉलिडच्या क्रिया अडखळतात, कडा जुळत नाहीत.

आता १२० मिमी रुंद, भिंतीपासून ७५ मिमी पुढे येणारी पट्टी काढू. एक्स म्हणजे गाळ्याच्या कडेपासूनचं अंतर, वाय म्हणजे भिंतीतून बाहेर येणं. पीलाइन (रेघा आणि आर्क एकसंध जोडून काढणारी कमांड) सुरू करून ०,० द्या. मग @०,२० आणि @३५,० ही आतली सपाट पट्टी. @०,१० ही पायरी, @५,० हा छोटा सपाट भाग. आता ए दाबून आर्कवर या. आर्क आपोआप आधीच्या रेघेला स्पर्शून सुरू होतो, म्हणून फक्त शेवटचा बिंदू द्यायचा: @२५,१७.५ आणि पुन्हा @२५,१७.५. पहिला आर्क वर वळतो, दुसरा उलट फिरून पुन्हा आडवा होतो. नागमोडी वळण तयार. दोन्हींची त्रिज्या २६.६ मिमी येते. एल दाबून रेघेवर परत या: @०,१०, @३०,०, @०,-७५ आणि शेवटी सी.

हे नागमोडी वळण स्प्लाइनने, म्हणजे बिंदूंतून मुक्तपणे वळत जाणाऱ्या रेघेने, काढायचा मोह होतो. काढू नका. स्प्लाइन दिसायला मऊ असते, पण तिला त्रिज्या नसते. फर्मा कापणाऱ्याला कंपास कुठे टेकवायचा ते सांगता येत नाही, आणि स्वीपनंतरचे पृष्ठभाग विनाकारण जड होतात. आपल्याकडच्या दगडकामातही बाह्यरेषा अशीच सपाट पट्ट्या आणि वळणांच्या आलटापालटीतून येते. औंढा नागनाथच्या किंवा होट्टलच्या देवळाचे थर खालून वर पाहत गेलं की फुगीर कुंभ, बाहेर झुकणारा कपोत आणि त्यांच्यामध्ये सावली धरणाऱ्या खोल पट्ट्या दिसतात. वळण उठून दिसतं ते शेजारच्या धारदार सपाट पट्टीमुळे. वरच्या प्रोफाइलमधली १० मिमीची पायरी आणि ५ मिमीचा सपाट भाग त्याचसाठी आहे. ते गाळले तर रंग दिल्यावर सगळी पट्टी एकच लगदा दिसते.

प्रॉपर्टीजमध्ये क्लोज्ड हो दाखवतंय ना ते पाहा. शेवटचा बिंदू हाताने जोडला असेल तर ०.०१ मिमीची फट राहू शकते, आणि उघड्या प्रोफाइलमधून सॉलिडऐवजी पोकळ सरफेस तयार होतो. मग युनियन (सॉलिड एकत्र जोडणं) चालत नाही आणि कारण सापडत नाही. प्रोफाइलची एक प्रत वेगळ्या लेयरवर ठेवा. सॉलिड झाल्यावर मूळ रेघ पुसली जाते. ती टिकवायची असेल तर डेलऑब्ज हे सेटिंग ० करा.

एक केंद्र असेल तर स्वीप नको

एकाच केंद्राच्या कमानीला रिव्हॉल्व्ह, म्हणजे छेद एका अक्षाभोवती फिरवणारी कमांड, वापरा. सगळे जण स्वीपकडे धावतात, पण रिव्हॉल्व्हमधून येणारे पृष्ठभाग गणिती अर्थाने नेमके असतात, फाइल हलकी राहते आणि पुढची कापाकापी अडत नाही.

एलिव्हेशन जमिनीवर आडवं काढलंय असं समजा. गाळ्याचा मध्य, कमान सुरू होते त्या उंचीवर, ०,० ला. मग कमानीचं केंद्र ०,-७८७.५ ला येतं (३०० वजा १०८७.५). प्रोफाइलचा मूळ बिंदू १०८७.५,-७८७.५ वर न्या. रोटेटथ्रीडीने याच बिंदूतून जाणाऱ्या एक्स अक्षाभोवती ९० अंश फिरवा; पट्टीचा पुढावा आता झेड दिशेने वर उभा राहिला. रिव्हॉल्व्ह घ्या, प्रोफाइल निवडा, अक्षाचा पहिला बिंदू ०,-७८७.५,० आणि दुसरा ०,-७८७.५,१००. स्टार्ट अँगल ४०, फिरवण्याचा कोन ५०. उजवी अर्धी कमान माथ्यापर्यंत तयार झाली. डावी बाजू नंतर मिररने येईल.

कमान प्रत्यक्षात ४६.४ अंशांवर सुरू होते, मग ४० का? कारण खाली उभी पट्टी येऊन मिळणार आहे आणि तिथे मापात कापायला जास्तीचा माल हवा. सुतार पट्टी तासण्याआधी लांब ठेवतो तसंच.

खरी परीक्षा कोपऱ्यावर

अर्धवर्तुळाकार कमानीत उभी पट्टी आणि वळण स्पर्शरेषेत मिळतात, तिथे कोपराच नसतो. आपल्या उदाहरणात ३०० मिमीची बसकी कमान आहे, तिथे ४६.४ अंशांचा मोड येतो. आतला कोपरा ७५०,० वर. बाहेरचा कोपरा शोधायला गाळ्याची उभी रेघ आणि कमानीचा आर्क दोन्ही बाहेर १२० मिमी ऑफसेट करा (समांतर सरकवा), त्या ८७०,४९.८५ वर छेदतात.

उभ्या पट्टीसाठी प्रोफाइल ७५० एक्सवर, गाळ्याच्या तळाशी ठेवून तसंच ९० अंश उभं करा आणि वायच्या दिशेने एक्स्ट्रूड करा (सरळ ओढा), वरचं टोक ६० पर्यंत जाऊ द्या. एक्स्ट्रूड खाली गेला तर आकडा उणे द्या. प्रोफाइल उभं केल्यावर त्याची धन दिशा उलटी होते, चूक झालेली नाही. मग स्लाइस घेऊन दोन कोपऱ्यांतून आणि त्यांच्यापैकी एकाच्या बरोबर वरच्या, १०० मिमी झेडच्या बिंदूतून जाणाऱ्या प्रतलाने दोन्ही तुकडे कापा. कमानीचा वरचा भाग ठेवा, पट्टीचा खालचा. युनियन, मिरर, पुन्हा युनियन.

इथे एक गोष्ट फार कमी ठिकाणी सांगितली जाते. सरळ पट्टी आणि वळणदार पट्टी कोनात मिळतात तेव्हा त्यांचा सांधा सरळ रेघ नसतो, वक्र असतो. आपल्या मापात तो सरळ कापापासून जेमतेम ०.४ मिमी सरकतो, गिलाव्यात कळणारही नाही. पण त्रिज्या लहान झाली की फरक वाढतो. १५० मिमी त्रिज्येचा आर्क २०० मिमीच्या गाळ्यावर, पट्टी तीच १२० ची, तर मध्ये जवळजवळ २ मिमीचा फरक पडतो आणि दोन्हीकडची वळणं एकमेकांना चुकतात. अशा वेळी पट्टीच्या रुंदीत ३०-३० मिमीवर ऑफसेट टाका, प्रत्येक जोडी कुठे छेदते ते बिंदू खुणा करून त्यांतून वक्र काढा, तो वक्र सरफेस म्हणून वर ओढा आणि स्लाइसच्या सरफेस पर्यायाने कापा.

दोन वळणं एकाच त्रिज्येची असतील तर सांधा सरळच येतो. टोकदार कमानीच्या माथ्यावर म्हणूनच सरळ उभा काप चालतो. वाड्यातल्या लाकडी महिरपीत, जिथे एकामागून एक पाकळ्या असतात, सगळ्या पाकळ्या सारख्या त्रिज्येच्या ठेवल्या तर काम सोपं. मधली पाकळी मोठी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचे सांधे वक्र होतील, ते आधीच गृहीत धरा.

स्वीप कधी आणि कसा

चार केंद्रांची कमान, वळणावळणाची बाल्कनी, देवळाच्या कोपऱ्या-कोपऱ्यांच्या पायाभोवती फिरणारे थर, इथे स्वीपच हवा. सगळा पाथ एका पीलाइनमध्ये जोडा. पेडिट कमांडचा जॉइन (रेघा सांधण्याचा पर्याय) अडला तर बहुतेक वेळा दोन टोकांत केसाएवढी फट असते किंवा एक रेघ झेडमध्ये थोडी वर गेलेली असते.

पट्टी अर्धी भिंतीत घुसते ती बेस पॉइंट न दिल्याने. तो न दिल्यास साधारणपणे छेदाचा मध्य पाथवर बसतो. स्वीपमध्ये प्रोफाइल निवडल्यावर आधी बेस पॉइंट घेऊन ०,० चा कोपरा दाखवा, मग पाथ. पट्टी आडवी-उभी उलटली तर प्रोफाइल ९० अंश फिरवून किंवा मिरर करून पुन्हा चालवा. दोन-तीनदा उलटंच येत असेल तर प्रोफाइल स्वतः पाथच्या सुरुवातीला काटकोनात उभं करा आणि अलाइनमेंटला नाही म्हणा.

स्वीप पूर्णच नाकारला गेला तर आधी सर्वांत लहान त्रिज्या शोधा. पट्टी वळणाच्या केंद्राकडे जेवढी पसरते त्याहून त्या वळणाची त्रिज्या मोठी असलीच पाहिजे. ५० मिमी त्रिज्येच्या कोनाड्यात ७५ मिमी पुढे येणारी पट्टी आतून फिरवली तर ती केंद्र ओलांडून स्वतःलाच छेदते. प्रत्यक्षातही तशी पट्टी बनवता येत नाही, म्हणजे सॉफ्टवेअर खरं तेच सांगतंय. त्रिज्या वाढवा, पट्टी बारीक करा, किंवा तिथे गोल वळणाऐवजी साधा कोपरा द्या.

गोल बुरुजासारख्या भिंतीत कमान असेल तर पाथ दोन दिशांना वळतो. आधी कमानीची रेघ भिंतीच्या पृष्ठभागावर प्रोजेक्ट करावी लागते. इथे पट्टी चालता चालता पिळवटते, कारण छेदाला वर कुठे हे कळत नाही. फ्रीकॅडच्या पार्ट डिझाइनमध्ये पाइपला, म्हणजे तिथल्या स्वीपला, ओरिएंटेशन मोड असतात. ऑक्झिलरी घेऊन भिंतीवरचीच दुसरी समांतर रेघ मार्गदर्शक म्हणून दिली की पट्टीची पाठ भिंतीला चिकटून राहते. तिथलाच फ्रेनेट मोड कमानींना बहुधा नको, वळण उलटं फिरतं त्या जागी तो छेद गरकन फिरवतो.

स्केचअपवाल्यांसाठी

स्केचअपमध्ये आर्क हा मुळात सरळ तुकड्यांचा बनलेला असतो. न बदलल्यास १२ तुकडे. आपल्या कमानीत प्रत्येक तुकडा खऱ्या वळणापासून मध्यभागी २.२ मिमी आत राहतो. ४८ तुकडे केले तर ०.१४ मिमी. म्हणून आर्क काढतानाच ४८ लिहा, फॉलो मी (स्केचअपमधला स्वीप) चालवल्यावर तो बदलता येत नाही. प्रोफाइलमधल्या छोट्या वळणांना मात्र ६-८ तुकडे पुरतात. तिथेही ४८ ठेवले तर एका खिडकीत हजारो पृष्ठभाग होतात आणि अख्खं एलिव्हेशन हलवताना मशीन गुदमरते. फॉलो मी नंतर काही बारीक पृष्ठभाग गायब दिसले तर सगळं शंभरपट मोठं करून क्रिया पुन्हा करा, मग लहान करा. अगदी छोट्या कडा स्केचअपला जोडता येत नाहीत.

स्क्रीनवरून साइटवर

ऑटोकॅडमध्ये गोल भाग टोकेरी दिसला तर मॉडेल बिघडलेलं नाही. गोलाई किती बारीक दाखवायची ते ठरवणारं फॅसेटरेस हे सेटिंग ०.५ वर असतं, ते ५ च्या पुढे न्या. यंत्रासाठी मॉडेलची एसटीएल फाइल काढण्याआधी हे विसरलात तर मात्र टोकेरीपणा खरोखरच सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापणी यंत्रावर, जातो.

बाहेरच्या पट्टीच्या वरच्या तोंडाला बाहेर उतार द्या आणि पुढे आलेल्या भागाच्या पोटात, पुढच्या कडेजवळ पाणी तुटण्यासाठी १० मिमीची खाच ठेवा. नाहीतर पावसाचं पाणी पोटाखालून भिंतीवर जातं आणि दोन हंगामांत काळे ओघळ उमटतात. ही खाच साइटवर कोणी आठवणीने करत नाही, ती प्रोफाइलमध्येच असली पाहिजे. पट्टी जीआरसीच्या (काचतंतू मिसळलेल्या काँक्रीटच्या) साच्यात ओतायची असेल तर उभ्या कडा सुमारे दोन अंश तिरक्या करा, ७५ मिमीवर साधारण अडीच मिमी. अगदी काटकोनातल्या कडा साच्यातून सुटताना तुटतात. या कमानीची आतली लांबी सुमारे १६५५ मिमी आहे. तुकडे करायचे तर तीन करा, दोन नको. दोन केले की सांधा नेमका माथ्यावर, सगळ्यांच्या नजरेत येतो.

कारागिराला रेंडर देऊन भागत नाही. पीओपी किंवा सिमेंटची पट्टी ओढताना तो केंद्रावर खिळा ठोकतो, त्याला दांडी बांधतो आणि टोकाला फर्मा लावून फिरवतो. त्याला केंद्र कुठे ते हवं: कमान सुरू होते त्या पातळीच्या ७८७.५ मिमी खाली, गाळ्याच्या बरोबर मध्यावर. खिळ्यापासून फर्म्याच्या आतल्या कडेपर्यंत १०८७.५ हवेत. केंद्र उघड्या गाळ्यात पडतं, म्हणून तिथे खिळ्यासाठी आडवी फळी ठोकावी लागेल, तीही ड्रॉइंगमध्ये दाखवा. सोबत प्रोफाइलची एकास एक प्रिंट द्या. १२० बाय ७५ एफोरवर आरामात बसतं. प्रिंट करताना फिट टू पेपर बंद करा, कागदाच्या कडेला १०० मिमीची एक रेघ काढून ठेवा आणि प्रिंट निघाल्यावर ती मोजपट्टीने मोजा. ९७ भरली तर तो कागद फाडून टाका, कारण साइटवर गेल्यावर त्याच कागदावरून पत्रा कापला जाईल.